वासापासून रक्तापर्यंत

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर सुलतानपूर लागते. लोणारचे सरोवर पाहायला निघालेला प्रवासी येथे उतरतो, फाट्यावर चहा घेतो आणि लोणारच्या गाडीची वाट पाहत उभा राहतो. नागपूरहून मराठवाड्यात आणि तेथून पुढे पुण्या-मुंबईला जाणारी वाहतूक कित्येक वर्षे याच रस्त्याने चालत आली. सरकी, कापूस, सिमेंट, लग्नाची वऱ्हाडे, सारे येथूनच गेले. अशा गावातील माणसाला कायद्याची कलमे पाठ नसली, तरी रात्रीची एखादी मालमोटार रस्त्याच्या कडेने डुलत येताना दिसली की ती कशामुळे डुलते आहे, हे त्याला बरोबर कळते. ‘घेतलेली दिसते’ एवढेच तो म्हणतो आणि पोराला रस्त्यापासून मागे ओढतो.

त्याचे हे दोन शब्द न्यायालयात सिद्ध करायचे कसे, याचा शोध घेत आपल्याकडील कायद्याला शंभरावर वर्षे लागली. दारू पिऊन मोटार हाकणे वाईट, याबद्दल कधीच कोणाचे दुमत नव्हते. मतभेद होता तो एवढाच, की हा माणूस प्यायला होता हे सांगणार कोण? पोलिसाचे नाक, डॉक्टरची नजर, की बाटलीत भरलेले रक्त? या प्रश्नाचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे पान आपल्या मुंबईत, एका मोठ्या सरकारी अधिकाऱ्याच्या जीपगाडीमुळे लिहिले गेले.

मोटारी येण्यापूर्वी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. वऱ्हाडात बाजाराच्या दिवशी मोहाची घेऊन गाडीत आडवा झालेला गाडीवान ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हती. पण बैल शुद्धीवर असत. कासरा सुटला तरी ते आपल्या वाटेने चालत आणि मालकाला गोठ्याच्या दारात आणून सोडत. घरी जे काय व्हायचे ते होई, परंतु रस्त्यावर कोणाच्या जिवावर बेतत नसे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचा कलही असाच दिसतो. सार्वजनिक जागी झिंगून लोकांना उपद्रव देणाऱ्यास ५१० व्या कलमाने शिक्षा सांगितली होती ती २४ तासांपर्यंत साधी कैद, किंवा १० रुपयांपर्यंत दंड. बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्यासाठी २७९ वे कलम होते. त्यात दारूचा उल्लेखसुद्धा नव्हता. बैलाऐवजी यंत्र जुंपले गेले आणि मालक झिंगला तर गाडीत शुद्धीवर असे कोणी उरले नाही, तेव्हा कायदा जागा झाला.

विलायतेत तो थोडा आधी जागा झाला होता. १८७२ च्या तेथील एका कायद्यात नशेत घोडा, गाडी, गुरे किंवा वाफेचे इंजिन हाकणाऱ्याला शिक्षा ठेवलेली होती. गाई-म्हशी हाकणाऱ्याचीही त्यातून सुटका नव्हती, हे आपल्या गुराख्यांनी ध्यानात घ्यावे! पुढे १८९७ च्या सप्टेंबरात जॉर्ज स्मिथ नावाच्या एका लंडनच्या टॅक्सीवाल्याने आपली विजेवर चालणारी गाडी न्यू बाँड स्ट्रीटवरील एका इमारतीवर नेऊन घातली. दारू प्यायल्याचे त्याने कबूल केले आणि त्याला २५ शिलिंग दंड झाला. प्यायलेल्या मोटारचालकावरील पहिला खटला म्हणून इतिहासात या गृहस्थाचे नाव राहिले. त्याने कबुली दिली म्हणून बरे. नाही म्हटले असते तर न्यायाधीशापुढे पोलिसाच्या शब्दाखेरीज काय पुरावा होता?

हिंदुस्थानात १९३९ साली मोटारवाहनांचा सर्वंकष कायदा झाला. त्याच्या ११७ व्या कलमाची भाषा मोठी सावध होती. वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतका जो नशेच्या अमलाखाली असेल, तो गुन्हेगार. म्हणजे प्याला एवढे पुरेसे नाही. इतका प्याला की ताबा गेला, हे दाखवायचे. ते दाखवण्याची साधने तरी काय होती? तोंडाला वास येतो का, डोळे लाल आहेत का, बाहुल्या विस्फारल्या आहेत का, जीभ अडखळते का, आणि जमिनीवर ओढलेल्या सरळ रेषेवरून चालता येते का. थोरामोठ्यांना जामीन मिळून घरी झोप काढायला दोन तास सापडले, तर सकाळी यांपैकी एकही खूण शिल्लक राहत नसे.

याच सुमारास मुंबई इलाख्यात दुसरे एक वारे वाहू लागले होते, ते दारूबंदीचे. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी पुकारली. त्या खात्याचा भार डॉ. गिल्डर यांच्याकडे होता. लढाई आली, मंत्रिमंडळ गेले आणि तो पहिला प्रयत्न फसला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, तो मात्र पक्का बसला. परवान्यावाचून दारू बाळगणे, विकणे आणि पिणेदेखील गुन्हा ठरले. त्यामुळे मुंबईत प्यायलेल्या मोटारचालकासाठी पोलिसांच्या हाती एक सोपे हत्यार आले. गाडीवरचा ताबा गेला होता की नाही, या भानगडीत पडायलाच नको. घेतली एवढे सिद्ध झाले की पुरे.

सुलतानपूरला त्या वेळी यातले काहीच लागू नव्हते. बुलढाणा जिल्हा वऱ्हाडात, वऱ्हाड मध्यप्रांतात, आणि सिंदखेडराजा ओलांडून जालन्याच्या बाजूला उतरले की निजामाचे राज्य. एकाच रस्त्यावर काही कोसांच्या अंतराने सरकार बदलत असे आणि सरकारबरोबर दारूचा कायदाही. मध्यप्रांताने १९३८ साली स्वतःचा दारूबंदी कायदा केला होता. पण मुंबईचा कायदा म्हणजे वऱ्हाडच्या माणसाला परमुलखाची गोष्ट. ती परमुलखाची गोष्ट आपल्या दारात कशी आली, ते कळण्यासाठी आधी मुंबईतील कफ परेडवर जायला हवे.

२९ मे १९५१ ची रात्र. साडेनऊच्या सुमारास कफ परेडवरून एक जीपगाडी चालली होती, तिने पायी जाणाऱ्या तिघांना धक्का देऊन पाडले. गाडी हाकणारे गृहस्थ होते बेहराम खुर्शीद पेसिकाका. हुद्दा कोणता म्हणाल, तर मुंबई विभागाचे प्रादेशिक परिवहन अधिकारी! त्या जागेवर ते तात्पुरते काम पाहत होते, एवढाच फरक. मुंबईतल्या मोटारवाल्यांना परवाने देणारे जे कार्यालय, त्याचाच प्रमुख आरोपी म्हणून पोलिसांपुढे उभा राहिला, आणि त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता.

पोलिसांनी त्यांना सेंट जॉर्ज रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी तपासून लिहून ठेवले ते असे, की तोंडाला मद्याचा वास आहे, डोळे लालसर आहेत. परंतु बोलणे सुसंगत आहे आणि हे गृहस्थ सरळ रेषेत चालू शकतात. कोणत्या तरी रूपात मद्य घेतले आहे खरे, पण त्याच्या अमलाखाली ते नाहीत. रक्त कोणी घेतले नाही. घ्यावे अशी तरतूदच दारूबंदी कायद्यात तेव्हा नव्हती.

खटला उभा राहिला तेव्हा आरोपीचे म्हणणे असे पडले, की आपण दारू प्यालो नाही, जेवणानंतर बी. जी. फॉस नावाचे शक्तिवर्धक औषध घेतले होते. या औषधात १७ टक्के मद्यार्क असे. मॅजिस्ट्रेटने त्यांना सोडून दिले. सरकार उच्च न्यायालयात गेले. तेथे बेदरकारपणे दुखापत केल्याच्या आरोपातून झालेली सुटका कायम राहिली. दारूबंदी कायद्याखाली मात्र एक महिना सक्तमजुरी आणि ५०० रुपये दंड झाला. तेव्हा पेसिकाका सर्वोच्च न्यायालयात गेले.

येथे एक मेख होती. त्याच महिन्यात, म्हणजे २५ मे १९५१ रोजी, अपघाताच्या अवघे चार दिवस आधी, सर्वोच्च न्यायालयाने एफ. एन. बलसारा यांच्या खटल्यात दारूबंदी कायदा बहुतांशी वैध ठरवला होता. पण मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांवरील बंदी घटनाबाह्य म्हणून रद्द केली होती. मुंबईच्या सरकारला वाटले, आपण जिंकलो. आणि कायद्याच्या तटबंदीत एक लहानसे दार उघडे राहिले. औषध घेणे गुन्हा नाही. मग तोंडाला येणारा वास औषधाचा की दारूचा, हे सिद्ध कोणी करायचे? आरोपीने, की सरकारने?

हे प्रकरण आधी तिघा न्यायमूर्तींपुढे आणि मग घटनात्मक प्रश्न म्हणून पाच न्यायमूर्तींच्या पीठापुढे चालले. सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांच्या पीठाने १९५४ च्या सप्टेंबरात बहुमताने जो निर्णय दिला त्याचा गाभा असा : कायद्याचा जेवढा भाग घटनाबाह्य ठरला, तेवढा तो नसल्यासारखाच समजायचा. म्हणून आरोपीने घेतलेले मद्य हे बंदी असलेल्या प्रकारचेच होते, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. नुसत्या वासावरून ते सिद्ध होत नाही. पेसिकाका सुटले.

घटनेच्या अभ्यासकांना हा निकाल फार मोलाचा वाटतो आणि तो तसा आहेही. मूलभूत हक्क नागरिकाला सोडून देता येतात का, याचीही चर्चा त्यात झाली. पण कफ परेडवर धक्का बसून पडलेल्या त्या तिघांच्या बाजूने पाहिले, तर मन थोडे खट्टू होते. खटला सुरू झाला अपघाताचा. शेवटपर्यंत टिकला तो टॉनिकचा. जीप कशी हाकली होती, हा प्रश्न मॅजिस्ट्रेटच्या कचेरीतून निघून उच्च न्यायालयातच विरून गेला होता. दारूबंदीच्या कायद्याने मोटारीचा गुन्हा पकडू पाहिले म्हणजे असे होते. त्या कायद्याला पेल्याची चिंता, रस्त्याची नाही.

सरकारलाही या निकालाने चांगलाच धडा मिळाला. वासावर भिस्त ठेवता येत नाही, म्हणजे मोजमाप पाहिजे. मधल्या काळात राज्यांची पुनर्रचना झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, आणि सिंदखेडराजाच्या पलीकडील जुनी सरहद्द पुसली गेली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ चा बारावा अधिनियम झाला. या एकाच अधिनियमाने दोन कामे केली. जेथे मुंबईचा दारूबंदी कायदा लागू नव्हता अशा राज्याच्या उरलेल्या भागांत तो नेला. आणि त्याच कायद्यात रक्ततपासणीची कलमे घातली. म्हणजे सुलतानपूरच्या फाट्यावर मुंबईचा कायदा पोचला तो हातात रक्ताची बाटली घेऊनच. वासाचा जमाना वऱ्हाडाने या कायद्याखाली पाहिलाच नाही.

नव्या तरतुदीचा नेम थेट पेसिकाका निकालावर होता. आरोपीच्या रक्तात शेकडा ०.०५ किंवा अधिक मद्यार्क निघाला, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, तर आपण औषधच घेतले होते हे सिद्ध करण्याचा बोजा आरोपीवर. त्याहून कमी निघाला तर पूर्वीप्रमाणे सरकारवर. न्यायालयाने एका खांद्यावर ठेवलेले ओझे कायदेमंडळाने अलगद उचलून दुसऱ्या खांद्यावर ठेवले. मात्र ते उचलण्यासाठी आकड्याची तरफ लागली.

रक्त काढण्याचे नियमही त्याच वर्षी झाले. ते वाचताना एखाद्या सोवळ्या आजीबाईने घातलेल्या दंडकांची आठवण होते. पिचकारी उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची. सुई टोचण्याची जागा उकळून निवलेल्या पाण्याने पुसायची. स्पिरिटचा बोळा तेथे लावायचा नाही, कारण स्पिरिट म्हणजेच मद्यार्क, आणि निरपराध माणूस बोळ्यामुळे दारुड्या ठरायचा! निदान ५ घनसेंटिमीटर रक्त शिरेतून घ्यायचे, गोठू नये व नासू नये म्हणून औषध घातलेल्या बाटलीत ओतायचे, बाटली जोराने हलवायची, चिठ्ठी लावायची, तोंड लाखेने बंद करून मोहोर उठवायची आणि सरकारी रसायनतज्ज्ञाकडे पाठवायची. जो विरोध करील त्याच्यावर आवश्यक तेवढे बळ वापरण्याची मुभाही कायद्याने दिली.

या आकड्याच्या मागे जगभरचे शास्त्र होते. स्वीडनमध्ये एरिक विडमार्क यांनी बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तात मद्यार्क मोजण्याची रीत १९२२ साली शोधली. नॉर्वेने १९३६ मध्ये ०.०५ ही मर्यादा मोटारचालकांसाठी कायद्यात घातली. अमेरिकेत रोला हार्गर यांनी फुगा फुगवायला लावून श्वास तपासणारे यंत्र काढले. त्याच देशातील रॉबर्ट बोर्कनस्टाईन यांनी १९५४ साली, म्हणजे आपल्याकडे पेसिकाका सुटले त्याच वर्षी, सुटसुटीत श्वासमापक तयार केला. इंग्लंडला रक्तातील मद्यार्काची मर्यादा ठरवायला १९६७ साल उजाडावे लागले. ती मर्यादा होती ८० मिलिग्रॅमची. हा कायदा रेटून नेणाऱ्या मंत्रीणबाई बार्बरा कॅसल यांना स्वतःला मोटार चालवता येत नव्हती, आणि दारूच्या गुत्तेवाल्यांनी त्यांना त्यावरून पुष्कळ बोल लावले. सांगायचे एवढेच, की मुंबई राज्याने रक्ताचा आकडा कायद्यात लिहिला तो इंग्रजांच्या आठ वर्षे आधी. अर्थात तो लिहिला मद्यपानासाठी, मोटारीसाठी नव्हे, हे विसरून चालणार नाही.

मोजमाप आले म्हणून ते सर्वत्र घेतले गेले असे मात्र नाही. बच्चूभाई कर्याणी यांच्या अपिलात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पुन्हा तेच चित्र आले. तोंडाला वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या, जड जीभ. रक्त नाही, लघवीची तपासणी नाही. न्यायालयाने सांगितले, एवढ्यावरून माणसाने दारू प्याली असे निश्चित म्हणता येत नाही. कायद्यात साधन होते आणि कोणी वापरले नव्हते. त्याचा लाभ आरोपीला मिळाला आणि तो मिळालाच पाहिजे होता.

पुढे दारूबंदीचे कडक दिवस सरले. महाराष्ट्राने बंधने सैल केली. परवान्याची कलमे पुस्तकात राहिली, आणि वर्धा, गडचिरोली असे जिल्हे सोडले तर दुकाने उघडली. पिणे हा गुन्हा जवळपास उरला नाही, तेव्हा पिऊन हाकणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून नीट लिहून काढणे भाग पडले. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याने ते केले. त्याचे १८५ वे कलम प्रथम भलतेच कर्मठ होते : रक्तात मद्यार्क कितीही अल्प असो, गुन्हा तो गुन्हाच. १९९४ च्या दुरुस्तीने व्यवहार पाहिला आणि १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. मर्यादा ओलांडली की गाडीवर ताबा होता की नव्हता, सरळ रेषेत चालता येत होते की नव्हते, हे काहीही विचारायचे नाही. १९३९ च्या कलमातील ती ‘ताबा सुटण्या’ची अट, जिच्या आडोशाने कित्येक जण निसटले, ती दारूपुरती संपली.

घरात मोटार किंवा फटफटी आहे अशा वाचकांसाठी या कायद्याचे पुढचे पाऊलही सांगून ठेवतो; दिवाळीत पाहुणचार जास्त होतो. गणवेशातील पोलीस फुंकर मारायला सांगू शकतो. यंत्राने मद्यार्क दाखवला तर वॉरंटशिवाय अटक होते. अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाही तर त्या माणसाला सोडावे लागते. विनाकारण फुंकर मारायला किंवा रक्त द्यायला नकार दिला, तर तो नकारच न्यायालयात त्याच्या विरुद्ध जाऊ शकतो. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पूर्वी हे दंड २,००० आणि ३,००० होते. सिग्नल मोडल्याची पावती रस्त्यावर फाडून घरी जाता येते, तसे येथे जमत नाही. न्यायालयात उभे राहावेच लागते. आणि दोष सिद्ध झाला तर न्यायालयाने निदान सहा महिने तरी परवान्यापासून वंचित केलेच पाहिजे, असे विसावे कलम म्हणते. ज्याची भाकरी गाडीवर आहे, त्याला दंडापेक्षा हे सहा महिने जड जातात.

दारूची दुकानेच रस्त्यापासून दूर न्यावीत, असाही एक प्रयोग झाला. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा हुकूम दिला. वीस हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी ते अंतर पुढे २२० मीटर केले. हमरस्त्यावरील गावोगाव फीत घेऊन माणसे फिरू लागली. केरळात एका बारवाल्याने दार आणि रस्ता यांच्यामध्ये वळणावळणाची भिंत बांधून चालण्याचे अंतर वाढवले म्हणतात. आपल्याकडे काही रस्त्यांचे ‘महामार्ग’ हे नावच काढून टाकण्याची धडपड झाली. पुढच्या वर्षी शहरांना यातून सूट मिळाली आणि हुकमाची धार गेली. ज्याला प्यायची आहे तो २२० मीटर चालून जातो. परत येताना मात्र तो चालत नसतो, गाडीत बसलेला असतो, ही त्यातली खरी अडचण.

मृत्यू घडला म्हणजे गोष्ट निराळ्या पातळीवर जाते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास जुन्या दंडसंहितेत फार तर दोन वर्षांची कैद होती, आणि पिऊन माणसे चिरडणारा पुष्कळदा त्याच कलमाच्या छत्राखाली उभा राही. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर अ‍ॅलिस्टर परेरा या तरुणाची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. रस्त्याच्या कामासाठीच आलेली ती माणसे. सात मेली, आठ जखमी झाली. त्याच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क निघाला. खालच्या न्यायालयाने सहा महिने शिक्षा दिली, तेव्हा शहरात मोठी हळहळ झाली. उच्च न्यायालयाने हा निव्वळ निष्काळजीपणा नसून परिणामाची जाणीव असताना केलेला सदोष मनुष्यवध आहे असे ठरवून तीन वर्षे दिली, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तीन वर्षे पुरेशी होती का, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते वर्षांच्या संख्येपेक्षा तो शब्दबदल मोठा होता. येथे आकडा होता, आणि त्या आकड्याने खटल्याला बळ दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने निष्काळजीपणाच्या मृत्यूची कमाल शिक्षाही पाच वर्षांवर नेली आहे.

वासाची मात्र गंमत पाहा. कैदेच्या दारातून त्याला बाहेर घालवले, तर तो विम्याच्या खिडकीतून आत आला. दिल्लीत इंडिया गेटजवळ २००७ साली एक किमती मोटार आपटून जळाली. चालकाची श्वासतपासणी झाली नव्हती, रक्त घेतले नव्हते. तोंडाला वास असल्याची नोंद तेवढी होती. विमा कंपनीने पैसे नाकारले. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. फौजदारी शिक्षेसाठी लागणारा पुरावा वेगळा आणि विम्याच्या करारासाठी लागणारा वेगळा. वास आणि अपघाताची रीत यांवरून येथे निष्कर्ष काढता येतो, असे सांगितले. म्हणजे पेसिकाकांच्या जीपचा विमा असता आणि दावा आज लागला असता, तर तुरुंगातून सुटूनही गाडीच्या दुरुस्तीचे पैसे कदाचित खिशातूनच गेले असते.

आता पुन्हा सुलतानपूरच्या मुलखात यावे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेडराजा यांच्या बाजूने गेला. शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जुन्या हमरस्त्यावरची लांब पल्ल्याची पुष्कळ वाहतूक तिकडे वळली. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी आरामगाडी सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ आपटून उलटली आणि तिने पेट घेतला. २५ माणसे जळून गेली. आठ वाचली, त्यांत चालकही होता. ओळख पटेना म्हणून दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात बहुतेकांवर एकत्र अंत्यसंस्कार करावे लागले. टायर फुटला, असे प्रथम सांगण्यात आले. परिवहन खात्याच्या पाहणीत त्याला दुजोरा मिळाला नाही. काही दिवसांनी अमरावतीच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि चालकाच्या रक्तात मद्यार्क सापडल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. दोष कोणाचा आणि किती, हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे. आपण त्यात पडू नये.

परंतु येथे एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. रक्तातील मद्यार्क एका जागी थांबत नाही. यकृत त्याला जाळत असते. साधारण माणसात दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास तो कमी होतो. अपघाताच्या क्षणी ६० मिलिग्रॅम असेल, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट, तर दोन तासांनी तो ३० वर येतो आणि कायद्याच्या आत बसतो. चार तासांनी बाटलीत निव्वळ रक्त. खेड्यातील रस्त्यावर अपघात झाला तर आधी जखमींना उचलायचे असते, मग वाहतूक मोकळी करायची असते, पोलीस यायचे असतात, डॉक्टर जागेवर असावा लागतो. मुंबईत कफ परेडपासून सेंट जॉर्ज हाकेच्या अंतरावर होते. वऱ्हाडात रात्री दीड वाजता दोन तास म्हणजे काय, हे येथील माणसाला सांगायला नको. कायद्यातील दोन तास अटकेपासून मोजले जातात. यकृत अटकेची वाट पाहत नाही.

आणि बाटलीत रक्त आले तरी गोष्ट संपत नाही. नमुना कोणी घेतला, किती घेतला, कोठे ठेवला, कोणाच्या हातून गेला, या साखळीची एक कडी निसटली की आकडा निराधार होतो. मुंबईत २००२ साली घडलेल्या आणि फार गाजलेल्या एका अपघाताच्या खटल्यात, डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने आरोपीची सुटका केली. त्या निकालपत्रात रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीविषयीच्या शंकांना बरीच जागा मिळाली आहे. १९५९ च्या नियमांतील लाख, मोहोर आणि चिठ्ठी यांना हसणाऱ्यांनी ती पाने वाचावीत.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोघा तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. गाडी हाकणारा अल्पवयीन होता, आणि त्याला प्रथम जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, त्यावर देशभर गदारोळ झाला. त्या गदारोळात दुसरी गोष्ट थोडी मागे पडली, ती आपल्या विषयाची. रुग्णालयात घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यात मद्यार्क निघाला नाही. पोलिसांनी दुसरीकडे आणखी एक नमुना घेतला होता. दोहोंची जनुकीय तपासणी झाली तेव्हा ती दोन वेगवेगळ्या माणसांची रक्ते निघाली. पहिला नमुना फेकून त्या जागी दुसऱ्याचे रक्त ठेवल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि मुलाच्या घरच्यांना अटक झाली. रक्तात दारू किती हे पाहण्याआधी ते रक्त कोणाचे, हे पाहण्याची पाळी कायद्यावर आली.